हैबती चालला ती शीव

उंबरदरे नावाच्या गावात हैबती नावाचा एक माणूस होता. तो कधी खोटं बोलत नसे. गोष्टींत अशी माणसं पुष्कळ भेटतात, पण हैबती खरोखरच तसा होता, आणि घरच्यांना त्याचा थोडा त्रासही होता. बाजारात बैल विकायला नेला, तर गिऱ्हाइकाने काही विचारायच्या आधीच हा सांगायचा, "उजवीकडं जुंपला तर ओढतो, डावीकडं जुंपला की झोपतो." संध्याकाळी बैल पुन्हा दावणीला यायचा. त्याची बायको गोजरा म्हणायची, "बरं झालं, माझं लग्न जुळवायला तुम्ही मध्यस्थ नव्हता. माझ्या सगळ्या खोडी सांगून टाकल्या असत्या."

गावाला मात्र त्याचं मोठं कौतुक. कुणाची बांधावरून जुंपली, कुणाचं गुरांवरून वाजलं, की लोक म्हणत, "हैबतबाबांना विचारा." हैबतबाबा सांगत, आणि भांडण तिथंच मिटे. हळूहळू हैबतीलाही ते आवडू लागलं. निवाड्याला बोलवायला कुणी येताना दिसलं, की तो आत जाऊन पटका पुन्हा नीट बांधून येई. एवढाच त्याचा दोष. एवढ्याशा गोष्टीला दोष म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

गावाच्या उगवतीला एक टेकडी होती. टेकडीमागे चिंचेच्या झाडांत घोंगड्या विणणाऱ्यांची लहानशी वाडी होती, आणि वाडीत उन्हाळ्यातही न आटणारा झरा होता. झऱ्यावर लोकर धुवायची, चिंचोके शिजवून त्यांची खळ करायची, घोंगडीला ती द्यायची आणि उन्हात ताणून ठेवायची, हे वाडीचं काम. हैबतीच्या पणजोबांच्या काळी उंबरदऱ्यानेच या लोकांना बोलावून तिथं बसवलं होतं. म्हणून गावाची शीव टेकडीला मागून वळसा घालून, वाडीला पोटात घेऊन जायची. शिवेच्या पलीकडे सांगवण नावाचं दुसरं गाव. ही शीव कुठं लिहिलेली नव्हती. जुन्या लोकांच्या पायांना ती माहीत होती, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं चालत होतं.

मग एके वर्षी सरकारने सगळा मुलूख मोजायला काढला. उंबरदऱ्याच्या माळावर मोजणीदाराचा तंबू पडला. त्याच्याबरोबर लोखंडी साखळी होती, रंगीत निशाणं होती आणि फळ्यावर ताणून बसवलेला पांढराशुभ्र कागद होता. साखळीने अंतर कळतं. पण शीव इथून जाते की तिथून, हे साखळी काय सांगणार? ते गावानेच सांगायचं.

त्यासाठी त्या मुलखात एक रीत होती. दोन्ही गावांनी मिळून एक माणूस निवडायचा. त्याने आंघोळ करायची, खरीच शीव दाखवीन अशी शपथ घ्यायची आणि ओल्या धोतराने, अनवाणी, डोक्यावर घोंगडीची घडी आणि घडीवर शिवेच्या मातीचं ढेकूळ घेऊन शीव चालायची. दोन्ही गावांनी त्याच्यामागून जायचं. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. त्याने मागे वळून बघायचं नाही आणि मध्ये थांबायचं नाही. थांबला तर त्याची शपथ खोटी ठरायची. तो जिथून जाईल ती शीव. त्याच्या पावलांवर चुन्याची फक्की टाकत माणसं जायची. मग तिथं दगड रोवायचे आणि दगडाखाली कोळसा पुरायचा. कोळसा मातीत कुजत नाही. उद्या कुणी दगड हलवला, तरी खाली उकरून खरी जागा सापडते. दगड बसले, की मोजणीदार एकेक दगड साखळीने जोडत कागदावर रेघ ओढायचा. असा त्या काळी गावाचा नकाशा व्हायचा.

शीव चालायला हैबतीलाच निवडलं, हे वेगळं सांगायला नको. पण सांगवणनेही त्यालाच निवडलं. सांगवणचा पाटील चारचौघांत म्हणाला, "हैबतबाबा चालत असतील तर आम्हांला आमचा मानूस कशाला?" ते ऐकून हैबतीचा ऊर भरून आला. त्या दिवशी त्याने पटका तीनदा बांधला आणि तीनदा सोडला, कारण डोक्यावर तर माती घ्यायची होती.

वाडीतली ठकूबाई नवी घोंगडी घेऊन आली. ठकूबाई म्हणजे वाडीची कर्ती बाई, हैबतीच्याच वयाची. ती म्हणाली, "दादा, ढेकूळ टोचंल डोक्याला. ही घ्या, मऊ लोकरीची हाय." तिच्या घोंगडीची घडी डोक्यावर ठेवून, वर माती घेऊन हैबती निघाला.

गाव उजव्या हाताला ठेवून चालायचं होतं. सुरुवातीची वाट त्याच्या पायाखालची होती. ओढा ओलांडला, खडकाळ पट्टा गेला. पुढे शिवेवर बिब्ब्याचं एक जुनं झाड होतं. लहानपणी वडिलांनी त्याला तिथं उभं करून सांगितलं होतं, "ह्या झाडाला पाठ लावायची न् डाव्या हाताला टेकडीमागं वळायचं. हितं चुकायचं न्हाई." हैबती ते झाड शोधत होता. ऊन चढलं होतं. ढेकळाची माती घामाबरोबर डोळ्यांत उतरत होती. मान हलवली तर ढेकूळ पडेल, म्हणून इकडेतिकडे बघताही येत नव्हतं. आणि झाड काही येईना. गेल्या पावसाळ्यातल्या पुराने ते मुळासकट नेलं होतं. हैबतीला ते माहीत नव्हतं, कारण बऱ्याच वर्षांत तो तिकडे फिरकलाच नव्हता. निवाडे करण्यातच त्याचे दिवस जात होते.

समोर गुरांची एक मळलेली वाट होती. ती टेकडीच्या अलीकडून जायची. झाड पुढे असेल अशा समजुतीने त्याचे पाय त्या वाटेला लागले. मागे चुना पडत राहिला.

टेकडीचं टोक आलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला चिंचांचे शेंडे दिसले. त्यांच्यावर चुलींचा धूर होता. धूर डाव्या हाताला होता. तो उजव्या हाताला असायला हवा होता.

हैबतीला सगळं एकदम कळलं. वाडी शिवेबाहेर गेली होती. त्याच्या पायांनी तिला बाहेर टाकलं होतं. थांबावं, ढेकूळ खाली ठेवावं आणि सांगावं, की बाबांनो, मी वाट चुकलो. एवढंच करायचं होतं. पण मागे दोन गावं चालत होती. थांबलो तर शपथ मोडली. सांगवणचे लोक हसतील. ज्याच्या शब्दावर गाव चालतं तो हैबती भर उन्हात, सगळ्यांसमोर चुकला, असं पोरंसोरंही म्हणतील. त्याने मनाशी म्हटलं, "शीव पुरी होऊ दे. मग सांगू." आणि तो चालत राहिला. स्वतःशी का होईना, तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता.

शीव पुरी झाली. गावाच्या पारावर सगळे जमले. लोकांनी हैबतीच्या डोक्यावरची माती उतरवली, पायांवर पाणी ओतलं, हातात नारळ दिला. मोजणीदार कागद मांडीवर घेऊन म्हणाला, "मी एवढा मुलूख फिरलो, पण असा न अडखळता चाललेला माणूस पाहिला नाही. बाबा, चाललात तीच शीव ना?"

हैबतीने तोंड उघडलं. नजर हातातल्या नारळावर गेली. मग तो म्हणाला, "जी चाललो, ती चाललो."

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर हे खोटं नव्हतं. खऱ्या माणसालाही आपला खरेपणा वाचवण्याच्या अशा युक्त्या सुचतात, हे वाईट आहे.

मोजणीदाराने विचारलं, "कुणाची हरकत?" कुणीही ब्र काढला नाही. हैबतीने वाडीच्या लोकांकडे पाहिलं. ते एका कडेला उभे होते. ठकूबाई जमिनीकडे बघत होती. हैबतीने स्वतःची समजूत घातली, की त्यांचीच हरकत नाही, तर मी कशाला बोलू?

"टेकडीमागे काय आहे?" मोजणीदाराने विचारलं. ती जागा आता सांगवणची झाली होती. झरा तर आयता मिळाला होता, पण झऱ्यावरची माणसं सांगवणच्या पाटलाला नको होती. तो झटकन म्हणाला, "काय न्हाई साहेब. पडीक." मोजणीदाराने टेकडीमागे सुबक अक्षरांत लिहिलं, पडीक. हैबती त्याच्या शेजारीच बसला होता. त्याने ते लिहिताना पाहिलं आणि हातातला नारळ या हातातून त्या हातात घेतला.

त्या दिवसापासून त्याचं अन्नावरचं मन उडालं. गोजराने विचारलं, "काय होतंय?" तो म्हणाला, "ऊन लागलं." हेही खोटंच होतं, आणि या वेळी ते अगदी सहज निघालं.

थोड्याच दिवसांत सांगवणच्या लोकांनी झऱ्याभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. वाडीला सांगितलं, "पाणी आमच्या शिवंतलं. तुम्ही मानसं उंबरदऱ्याची. तिकडं जावा." ठकूबाई उंबरदऱ्याच्या पाटलाकडे आली. पाटील काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "ठकूबाई, माझा जीव तुटतो गं. पण शिवंच्या दगडाम्होरं माझं काय चालतंय? नकाशा झालाय. आन् शीव दुसरं कुणी न्हाई, हैबतबाबा चालल्यात." हैबती तिथंच बसला होता. तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. ठकूबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठली. लांबच्या ओढ्यावरून पाणी आणून वाडी कशीबशी दिवस काढू लागली.

पुढच्या वर्षी शिरगणती आली. सरकारला आता माणसं मोजायची होती. कचेरीत कारकुनांनी मोजणीच्या नकाशावर पातळ कागद ठेवून गावांच्या रेघा गिरवल्या आणि एकेका गणती करणाऱ्याला एकेक तुकडा दिला. त्याने आपल्या रेघेच्या आतलं प्रत्येक घर बघायचं, दारावर गेरूने आकडा घालायचा आणि घरातली माणसं लिहून घ्यायची. रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही. सांगवण वाट्याला आलेल्या कारकुनाने आपला कागद पाहिला. टेकडीमागे पडीक होतं. पडीक जमिनीत कशाला कोण जाईल? तो गेलाच नाही. उंबरदऱ्याचा कारकून शेवटचं घर करून शिवेच्या दगडापर्यंत आला आणि माघारी वळला.

दगडापलीकडे वाडीची माणसं उभी होती. त्यांनी अंगणं सारवली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आंघोळी घालून दाराशी बसवलं होतं. ठकूबाईने दाराची चौकट धुऊन गेरूच्या आकड्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. ती म्हणाली, "सायेब, आमची बी घरं हायती की."

कारकुनाने कागद पाहिला. "इथं पडीक आहे, बाई."

"पडीक न्हाई वं. मानसं हायती."

कारकून ओशाळला. समोर माणसं उभी असलेली त्यालाही दिसत होती. पण तो म्हणाला, "माझ्या कागदात नाहीत."

गावातले लोक कारकुनाबरोबर आले होते. त्यांत हैबती होता. त्याच्याने आता राहवेना. तो पुढे झाला, दगडावर हात ठेवला आणि ओरडला, "थांबा! ही शीव चुकीची आहे. मी वाट चुकलो त्या दिवशी. कळूनही गप्प बसलो. वाडी आपली आहे."

उंबरदऱ्याचा पाटील जवळ आला आणि हैबतीच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाला, "बाबा, वाडीसाठी तुमचं काळीज तुटतंय ते आम्हांला कळतंय. म्हणून ह्या वयात सोताच्या अंगावर खोटं घ्यायचं? तुम्ही न् चुकाल?" लोकांनी माना डोलावल्या. एकाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. केवढा मोठा माणूस, गरिबांसाठी स्वतःला बट्टा लावून घेतोय!

हैबती कचेरीत गेला. पाय दुखेपर्यंत खेटे घातले. मोजणीदाराने त्याला ओळखलं, बसायला दिलं आणि विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही खरे होता की आज खरे आहात? त्या दिवशी दोन गावं साक्षीला होती. आज कोण आहे?" तरी मोजणीदार भला माणूस. तो स्वतः आला आणि त्याने टेकडीजवळचा दगड उकरायला लावला. दगडाखाली कोळसा निघाला. तो काळाभोर तुकडा तळहातावर घेऊन तो म्हणाला, "पाहिलंत? दगड जागचा हललेला नाही." सांगवणचा पाटील शेजारी उभा राहून हसत होता. हैबतीला त्याचा राग आला नाही. राग यायला स्वतःची बाजू लागते.

उन्हाळा लागला तशी वाडी उठली. लांबच्या ओढ्याचंही पाणी आटलं होतं. विणायचे माग सुटे करून घोड्यांवर लादले गेले, लोकरीची गाठोडी वर चढली. हैबती टेकडी ओलांडून वाडीत गेला. ठकूबाई विझलेल्या चुलीपाशी भांडी बांधत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. कित्येकांचे निवाडे केलेल्या त्या माणसाला कसं बोलावं ते कळेना.

शेवटी तो म्हणाला, "ठकूबाई, मी चुकलो होतो. कुणी मानत नाही. तू तरी मान."

ठकूबाईने गाठ मारली आणि वर पाहिलं. "मला ठावं हाय, दादा. म्या बघितलं तवाच. नवरी हून आले तवापासनं त्या टेकडीच्या मागनं शीव बघते मी."

"मग पारावर बोलली का नाहीस?"

"वाटंत बोलायचं न्हाई, ही रीत. न् पारावर तुम्ही म्हनला, चाललो ती चाललो. आमी घरी येऊन लई बोललो त्यावर. सगळी म्हनली, हैबतबाबा खोटं चालायचं न्हाईत. आपलीच आठवन चुकली आसंल." तिने भांड्यांचं गाठोडं बाजूला सरकवलं. "आमच्या डोळ्यांपरीस तुमच्या पायांवर आमचा इस्वास जास्ती व्हता, दादा."

हैबती मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. ठकूबाई त्याच्याजवळ आली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही थांबला आसता तर काय झालं आसतं? आमाला वाटलं आसतं, ऊन लई हाय, मानूस दमला. म्या तांब्याभर पानी आनलं आसतं."

त्याने बरोबर आणलेली घोंगडी तिच्यापुढे धरली, तीच, मातीचे डाग पडलेली. तिने ती परत घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या. थंडीत उपेगी पडंल," म्हणाली आणि घोड्यांमागून चालू लागली. वाडी कुठं गेली ते उंबरदऱ्यात कुणालाच कळलं नाही. सरकारच्या लेखी ती माणसं कुठं नव्हतीच, त्यामुळे कुणी त्यांचा शोधही घेतला नाही.

त्यानंतर हैबती निवाड्याला बसला नाही. दर वर्षी, मोजणीची शीव चालला होता त्याच दिवशी, तो ओल्या धोतराने, डोक्यावर ती घोंगडी आणि माती घेऊन एकटाच शीव चालायचा. जिथं बिब्ब्याचं झाड होतं तिथं थांबायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "मी इथं चुकलो." मग डावीकडे वळून, टेकडीमागून, रिकाम्या चिंचांखालून जायचा. शेतातली माणसं हात जोडून म्हणायची, "काय निष्ठा आहे बाबांची!" त्याचे शब्द कुणाला ऐकू जात नसत. गेले, तरी पटत नसत. मरेपर्यंत तो गावात खरा माणूस म्हणूनच राहिला, आणि मरेपर्यंत त्याला ते सोसलं नाही.

सांगवणच्या लोकांनी झऱ्याची निगा राखली नाही, तो बुजून गेला. चिंचा वठल्या. नकाशात टेकडीमागे अजून तोच शब्द आहे, पडीक. लिहिला तेव्हा तो खोटा होता. आता खरा आहे.

तात्पर्य: चूक कळली त्याच पावलावर थांबावं आणि ती सगळ्यांसमोर सांगावी, नाव राखण्यासाठी लपवलेल्या चुकीची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणारी माणसं भरतात, आणि मग कितीही खरं बोललं तरी ती माणसं परत येत नाहीत.